गाढवाचे पोर आणि जहाजाचा नांगर

पुण्यावर गाढवाचा नांगर फिरला, ही हकीकत मी दरवर्षी वर्गात सांगतो. आदिलशाहीचा सरदार मुरार जगदेव याने १६३० च्या सुमारास कसबे पुणे जाळले आणि त्या भूमीवर गाढवे जुंपून नांगर फिरवला. पुढे जिजाबाईंनी बाळ शिवाजीच्या हातून सोन्याचा नांगर फिरवून तेथे पुन्हा वस्ती करविली, अशी परंपरेने चालत आलेली कथा आहे. मुले दोन्ही नांगरांना सारख्याच उत्साहाने दाद देतात. अशाच एका वर्गात मागल्या बाकावर बसणारा माझा एक विद्यार्थी हल्ली अमेरिकेत सॅनफ्रान्सिस्को शहरी नोकरीला असतो. गेल्या दिवाळीत तो घरी भेटावयास आला. फराळाचे ताट पुढे ओढून घेत म्हणाला, "सर, तुमचा तो गाढवाचा नांगर अजून आठवतो. आमच्याकडे मात्र गाढव वेगळे आणि नांगर वेगळा. गाढव खातात आणि नांगर पितात!"

माझ्या पत्नीच्या हातातली चकली हातातच राहिली.

खुलासा पुढे झाला तो असा. 'बुरिटो' नावाचा एक मेक्सिकन पदार्थ आहे. मैद्याची ताटाएवढी पोळी वाफेवर मऊ करावयाची, तिच्यात राजम्याच्या जातीच्या शेंगांतले दाणे, मांस किंवा भाज्या, भात, मिरचीची चटणी असे सर्व भरावयाचे, आणि दोन्ही टोके आत दुमडून घट्ट गुंडाळावयाचे. स्पॅनिश भाषेत बुरो म्हणजे गाढव आणि बुरिटो म्हणजे गाढवाचे पिलू. नाव असे का पडले याविषयी अनेक दंतकथा आहेत. पाठीवर पडशी लादलेल्या गाढवासारखा तो दिसतो, ही त्यातल्या त्यात मला पटणारी. आणि नांगर म्हणजे 'अँकर', त्या शहरातली सर्वांत जुनी बिअरची भट्टी. तिच्या बाटलीवर जहाजाच्या नांगराचे चित्र असे.

आमचा विद्यार्थी आणि त्याची मित्रमंडळी यांच्या संध्याकाळच्या गप्पा म्हणजे याच दोन गोष्टी. उत्तम बुरिटो कोणत्या दुकानात, आणि गावच्या बिअरचा पेला कोणत्या गुत्त्यात किती डॉलरला. कोल्हापूरकर आणि पुणेकर मिसळीवरून भांडतात त्याच तिडिकीने ही मंडळी भांडतात, असे तो म्हणाला. मग त्याने दरांची एक यादीच तोंडपाठ म्हणून दाखविली. वर्गात त्याला सनावळी कधी पाठ झाली नव्हती!

दिवाळी अंकात बिअरची गोष्ट काढली म्हणून वडीलधाऱ्यांनी रागावू नये. मी स्वतः तो पदार्थ चाखलेला नाही. परंतु पानिपताचा इतिहास लिहिणाराला काही पानिपतावर पडावे लागत नाही. मला कुतूहल वाटले ते त्या दरांचे. गरिबाची भाकरी आणि मजुराचा पेला या वस्तू रसिकांच्या चर्चेचा विषय केव्हा होतात, आणि तसे झाले म्हणजे त्या वस्तूंचे व त्या करणाऱ्या माणसांचे पुढे काय होते? त्याच्या यादीवरून मी मागे मागे जात राहिलो, तो थेट १८४८ सालापर्यंत पोचलो.

त्या सालच्या २४ जानेवारीला कॅलिफोर्नियात कोलोमा येथे नदीच्या पात्रात सोने सापडले. कॅलिफोर्निया तोवर मेक्सिकोचा प्रांत होता. २ फेब्रुवारीला, म्हणजे अवघ्या नऊ दिवसांनी, ग्वादालूपे इदाल्गो येथील तहाने तो अमेरिकेच्या पदरात पडला. तहावर सही करणाऱ्या कोणालाही सोन्याची वार्ता पोचलेली नव्हती. इतिहासातले असे क्रूर विनोद मला नेहमी वर्गात सांगावेसे वाटतात. सॅनफ्रान्सिस्को हे तेव्हा जेमतेम हजार वस्तीचे खेडे. पुढल्या वर्षाच्या अखेरीस तेथे पंचवीसेक हजार माणसे झाली. गावाच्या दक्षिणेस १७७६ साली स्पॅनिश धर्मोपदेशकांनी एक मठ बांधला होता. त्या मठाच्या भोवतालची वस्ती ती 'मिशन'. आजचे बुरिटोचे माहेरघर तेच. तेव्हा मिशनमधला मेक्सिकन माणूस हा परक्या घरी आलेला पाहुणा, असे कोणी म्हणू लागले तर त्याला ही दोन साले सांगावीत.

सोन्याच्या मागे जर्मन आले आणि जर्मनांच्या मागे बिअर आली. त्यांची 'लागर' बिअर थंडीत मुरवावी लागते. तिचे यीस्ट गारव्यात संथपणे काम करणारे. म्हणजे बर्फ हवे. बर्फाचे कारखाने तेव्हा नव्हते. बोस्टनच्या तळ्यांतले बर्फ भुशात बांधून जहाजांनी जगभर जाई. आपल्या मुंबईसही ते १८३४ सालापासून येऊ लागले होते, आणि गोदीजवळ त्याच्यासाठी घुमटाकार बर्फघर बांधलेले होते. सॅनफ्रान्सिस्कोला १८५२ पासून अलास्कातून बर्फ येऊ लागले; परंतु ते शेकडो पिंपे गार करण्याइतके स्वस्त कोठून असणार? तेव्हा तेथल्या भट्टीवाल्यांनी उपाय काढला. ऊन रस रुंद, उथळ, उघड्या हौदांत ओतावयाचा आणि समुद्रावरून येणाऱ्या गार धुक्यावर निववावयाचा. थंडीतले यीस्ट उबेत घातल्याने ते खवळून उठे. पिंपाला तोटी ठोकताच आतला वायू फुसकारत बाहेर पडे. म्हणून हिला म्हणू लागले 'स्टीम बिअर', वाफेची बिअर. नावाच्या आणखीही व्युत्पत्ती सांगतात. ते काही असो, ही हलकी, स्वस्त, अडचणीतून जन्मलेली बिअर हमाल, खलाशी आणि गवंडी यांची होती. फ्रँक नॉरिस याने १८९९ साली 'मॅक्टीग' ही कादंबरी लिहिली; तिचा नायक, एक ओबडधोबड दंतवैद्य, रविवारच्या जेवणानंतर स्टीम बिअरच घेऊन बसतो. नायकाची पायरी एका पेल्यात दाखवावयाची ही युक्ती कादंबरीकार म्हणून मला फार आवडली.

दर काय होता? पहिल्या महायुद्धापूर्वीच्या अमेरिकेत बिअरच्या पेल्याला पाच सेंट हा शिरस्ताच पडून गेला होता. आणि सॅनफ्रान्सिस्कोच्या गुत्त्यांची आणखी एक ख्याती होती. पेल्याचे पैसे द्यावेत आणि फळीवर मांडलेले जेवण फुकट जेवावे! मुंबईत जन्मलेला रड्यार्ड किपलिंग १८८९ साली त्या शहरी उतरला, तेव्हा या प्रकाराने थक्क झाला. दिवसाला रुपयाहूनही कमी खर्चात या गावी दिवाळखोर माणूससुद्धा थाटात जेवू शकेल, असा हिशेब त्याने मांडला आहे. रुपयाचा हिशेब सॅनफ्रान्सिस्कोत बसून करणारा तो बहुधा पहिलाच. आमचा विद्यार्थी अजून करतो. दर बिलाला मनात रुपये काढतो आणि मग त्याची भूक मरते.

१८९६ साली अर्न्स्ट बारूट आणि ऑटो शिंकेल या दोघा जर्मनांनी एक जुनी भट्टी घेऊन तिला 'अँकर' हे नाव दिले. या भट्टीच्या कपाळी जे लिहिले होते ते एखाद्या कादंबरीत घातले तर संपादक म्हणतील, जरा कमी करा. १९०६ च्या आरंभी बारूट वारला. १८ एप्रिलच्या भूकंपानंतरच्या आगीत भट्टी जळाली. ती पुन्हा उभी राहते आहे तोच शिंकेल ट्रामगाडीखाली सापडून मेला. १९२० साली सबंध देशात दारूबंदी आली ती तेरा वर्षे राहिली. १९३३ मध्ये भट्टी पुन्हा पेटली, आणि वर्षाच्या आत पुन्हा जळाली. पुन्हा बांधली. १९५९ मध्ये बंद पडली. १९६० मध्ये दुसऱ्या मालकाने उघडली. या अवधीत इतर सर्व स्टीम बिअरवाले नामशेष झाले होते. देशभर मोठमोठ्या कारखान्यांची पांढुरकी, पाणचट, सगळीकडे एकाच चवीची बिअर पोचली होती, आणि ती स्वस्त होती. गावोगावच्या भट्ट्या तिच्यापुढे टिकेनात. १९७० च्या दशकाच्या अखेरीस सबंध अमेरिकेत शंभराच्याही आत भट्ट्या उरल्या होत्या.

१९६५ साली अँकर पुन्हा मिटावयाच्या बेतात आली. फ्रिट्झ मेटॅग नावाचा सत्तावीस वर्षांचा तरुण, धुलाईयंत्रांचा कारखाना काढणाऱ्या घराण्यातला, नॉर्थ बीच भागातल्या एका उपाहारगृहात नेहमी हीच बिअर पीत असे. मालकाने त्याला सांगितले, "भट्टी आता बंद होणार, एकदा पाहून तरी ये." तो पाहावयास गेला आणि काही हजार डॉलरांत निम्म्याहून अधिक वाटा विकत घेऊन परत आला! भट्टीची स्थिती अशी होती की बिअर आंबून गेल्याच्या तक्रारी सर्रास येत. त्याने स्वतः भांडी घासली, रसायनशास्त्र शिकला. १९७१ साली बिअर बाटलीत भरली. १९७५ साली पॉल रिव्हियरच्या घोडदौडीच्या द्विशताब्दीनिमित्त 'लिबर्टी' नावाची एक निराळी बिअर काढली. तिच्यात 'कॅस्केड' नावाच्या नव्या जातीची हॉप्सची कडवट, संत्र्याच्या सालीसारखी वास येणारी फुले मुबलक घातली होती. अमेरिकेतले आजचे सारे बिअररसिक आपला वंशवृक्ष या बाटलीपर्यंत नेऊन भिडवतात.

गंमत अशी की या कडवट बिअरच्या जातीला जगभर 'इंडिया पेल एल' म्हणतात. आणि तो इंडिया म्हणजे आपणच. कंपनी सरकारच्या काळी मुंबई, मद्रास, कलकत्ता येथल्या गोऱ्यांसाठी लंडनहून पिंपे येत. हॉप्स जास्त घातली की बिअर लांबच्या प्रवासात नासत नाही, म्हणून ही जात खास हिंदुस्थानासाठी शोधली, असे लोक सांगतात; अभ्यासकांना ते तितकेसे मान्य नाही, कारण कडवट एल त्याआधीही होत असे. खरी मेख उधारीत होती. लंडनच्या बो भागातला हॉजसन हा भट्टीवाला कंपनीच्या गोदीपासून जवळ होता आणि जहाजांच्या कप्तानांना दीड दीड वर्षाची उधारी देत असे. व्यापारात चव दुसरी आणि उधारी पहिली, हे आमच्या गावच्या किराणा दुकानदारालाही ठाऊक आहे. त्या गोऱ्यांचा आणखी एक शब्द मागे राहिला. नाशिकजवळ देवळालीच्या छावणीत मायदेशीच्या जहाजाची वाट पाहून शिपायांची डोकी फिरत, म्हणून इंग्रजीत वेड लागण्याला 'डूलाली' म्हणू लागले. पुण्यात २००९ साली पहिली छोटी बिअरभट्टी निघाली तिचे नाव नेमके तेच. देवळाली लंडनमार्गे पुण्याला परत आली, असे म्हणावयास हरकत नाही.

आता गाढवाच्या पिलाकडे वळू.

मेक्सिकोतली मूळची भाकरी मक्याची. गहू तेथे स्पॅनिश लोकांनी नेला आणि तो उत्तरेकडच्या कोरड्या सोनोरा प्रांतात रुजला. म्हणून मैद्याची पोळी ही उत्तर मेक्सिकोची. आपण तरी त्यांना परके कोठे आहोत? आपली मिरची, टोमॅटो, मका, पेरू, सीताफळ ही सारी मंडळी त्याच मुलखांतून निघून पोर्तुगिजांच्या जहाजांतून इकडे उतरली. आणि एक मराठी माणूस उलट दिशेनेही गेला होता. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे. क्रांतिकारक म्हणून देश सोडला, कॅलिफोर्नियात वणवण करीत शिकले, गदर पक्षात होते. १९२४ च्या सुमारास मेक्सिकोत गेले आणि चापिंगो येथील शेतकी विद्यालयात प्राध्यापक झाले. तेथल्या शेतकऱ्यांसाठी त्यांनी मका आणि गहू यांच्या वाणांवर वर्षानुवर्षे काम केले. दिएगो रिव्हेरासारखा चित्रकार त्यांचा स्नेही होता. स्वातंत्र्यानंतर ते नागपूरला परतले आणि १९६७ साली तेथेच वारले. मेक्सिकोच्या भाकरीत एका वैदर्भीयाचा घाम आहे, हे मी विद्यार्थ्याला सांगितले तेव्हा तो म्हणाला, "सर, हे तुम्ही आम्हांला वर्गात का नाही सांगितले?" मला उत्तर देता आले नाही. पुस्तकात नव्हते, हेच खरे उत्तर.

'बुरिटो' हा शब्द या अर्थाने १८९५ च्या एका मेक्सिकन शब्दकोशात सापडतो. परंतु सॅनफ्रान्सिस्कोचा बुरिटो हे निराळेच प्रकरण आहे. १९४२ ते १९६४ या काळात अमेरिकेने करार करून मेक्सिकन मजूर शेतावर आणले. वाफ्यावर उभ्याने, एका हाताने खाता येईल असे अन्न त्यांना लागे. मिशन भागात फेब्रोनियो ओंतिवेरोस यांचे 'एल फारो' नावाचे कोपऱ्यावरचे वाणसामानाचे दुकान होते. सप्टेंबर १९६१ मध्ये आपणच शहरातला पहिला बुरिटो विकला, असे ते सांगत. पहिले गिऱ्हाईक म्हणजे आगीच्या बंबावरचे जवान. मोठी पोळी मिळेना म्हणून लहान पोळ्याच कडेवर कड ठेवून जोडल्या. व्हॅलेन्सिया रस्त्यावरच्या 'ला कुंब्रे'चाही दावा आहे. त्यांचे साल १९६९. आपल्याकडे वडापावाचा जनक म्हणून दादर स्थानकाबाहेरच्या अशोक वैद्यांचे नाव घेतात, साल १९६६ सांगतात, आणि तरीही दुसरा कोणी तरी निघतोच, तसलाच हा वाद. मला तो निकालात काढावयाचा नाही. दोन्ही पदार्थ एकाच दशकात, दोन कामगार वस्त्यांत, घाईत असलेल्या माणसांच्या हातात जन्मले, एवढे मला पुरे आहे.

पुढे दुकाने वाढली. १९७३ साली मिगेल हारा यांनी 'ला ताकेरिया' काढले. ते बुरिटोत भात घालीत नाहीत. हा भात घालणे, न घालणे म्हणजे तेथे द्वैत-अद्वैताचा वाद आहे! भातवाले म्हणतात, भाताशिवाय पोट भरत नाही. बिनभातवाले म्हणतात, भात ही भरती आहे, मांसाची चोरी झाकणारी. १९८० नंतर 'एल फारोलितो' आले. फारो म्हणजे दीपगृह आणि फारोलितो म्हणजे छोटासा कंदील. आमच्या विद्यार्थ्याचा पक्ष हा. रात्री उशिरा कामावरून सुटल्यावर तो कंदीलच तेवढा उघडा असे, म्हणाला. पुण्याहून नवा नवा गेलेला, खोलीत एकटा, आणि दिवाळीच्या रात्री त्या दुकानात उभा राहून मांसाशिवायचा, नुसत्या शेंगदाण्यांचा... मी दुरुस्ती केली, "अरे, शेंगांतले दाणे म्हण, शेंगदाणे वेगळे." तो हसला. परंतु त्या रात्री त्याला ती पोळी घरच्यासारखी लागली होती, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसले. चार-पाच डॉलर कमी पडले असते तर तेवढेही सुख मिळाले नसते, असेही म्हणाला.

रसिकांची नजर या गल्लीवर वळली ती हळूहळू. स्टीव्ह एल्स नावाचा तरुण सॅनफ्रान्सिस्कोत स्वयंपाकी होता. मिशनमधले बुरिटो खाऊन त्याने १९९३ साली डेन्व्हरला 'चिपोटले' हे दुकान काढले आणि त्याच्या पुढे हजारो शाखा झाल्या. २०१४ साली 'फाइव्हथर्टीएट' या आकडेशास्त्र्यांच्या नियतकालिकाने सबंध देशातील सदुसष्ट हजारांवर दुकाने चाळून, चौसष्ट निवडून, कुस्तीच्या दंगलीप्रमाणे जोड्या लावल्या. मानाची गदा ला ताकेरियाला मिळाली. बिअरचेही तसेच. १९७६ च्या कायद्याने लहान भट्ट्यांवरचा कर पिंपामागे ९ डॉलरवरून ७ वर आणला. १९७८ मध्ये कार्टर यांनी घरी बिअर करण्यास मुभा देणाऱ्या कायद्यावर सही केली. १९८२ साली कॅलिफोर्नियाने भट्टी आणि उपाहारगृह एकाच छपराखाली चालविण्यास परवानगी दिली. मग घरच्या स्वयंपाकघरात पातेल्यात बिअर शिजविणारे हौशी लोक धंद्यात उतरले. शंभराच्या आत आलेल्या भट्ट्या आज नऊ हजारांवर आहेत.

आता त्या यादीकडे. गावच्या बिअरचा पेला आठ डॉलर. परंतु आठ म्हणजे आठ नव्हेत. विक्रीकर आठ टक्क्यांहून जास्त, आणि वाढप्याला वीस टक्के बक्षिसी देणे हा तेथला अलिखित कायदा. सगळे मिळून सव्वादहा. लोक म्हणतात, सरकारच्या करामुळे महाग झाली. मी पाटीवर गणित मांडले. पिंपात ३१ गॅलन, म्हणजे २४८ पेले. लहान भट्टीला २०१८ पासून मध्यवर्ती कर पिंपामागे साडेतीन डॉलर. म्हणजे पेल्यामागे दीड सेंटही नाही! धान्य आणि हॉप्स यांचा खर्चही पेल्यात दिसण्याइतका मोठा नसतो. उरलेले डॉलर जातात जागेच्या भाड्याला, मजुरीला, आणि त्या मजुराने त्या शहरात राहावयाचे तर त्याला द्याव्या लागणाऱ्या घरभाड्याला. शहरातली किमान मजुरी २००४ साली ताशी साडेआठ डॉलर होती. जुलै २०२५ पासून ती १९ डॉलर १८ सेंट झाली. बुरिटो चौदा-पंधरा डॉलर धरला तर किमान मजुरीवर राबणाऱ्याचे पाऊण तासाचे काम. २०२४ साली मिशनमधल्या एका दुकानाने बुरिटोला २२ डॉलर लावले आणि वर्तमानपत्रांत गहजब झाला. दुकानदाराचे म्हणणे होते की पूर्वी आपण तो ११ ला देत होतो. मांस, तेल, कांदा, भाडे सारेच चढले, मी काय करू? रसिकांनी त्याला बोल लावले. परंतु हेच रसिक त्या गल्लीत राहावयास आल्याने भाडी चढली होती, हे कोणी बोलले नाही. संगणकाच्या धंद्यातला पैसा मिशनमध्ये शिरला, आणि पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहिलेली मेक्सिकन व मध्य अमेरिकन कुटुंबे घरे रिकामी करून दूरच्या उपनगरांत गेली. बुरिटो गुंडाळणारा माणूस आता पहाटे तास-दीड तास गाडीतून त्याच गल्लीत परत येतो, जेथे त्याचे आईबाप राहत होते.

मी विद्यार्थ्याला विचारले, "आणि तूही त्याच धंद्यातला ना?" तो म्हणाला, "हो सर. तिथंच राहतो, चोविसाव्या रस्त्यावर." मग बराच वेळ करंजी मोडीत बसला. त्याला दोष देण्याचा माझा हेतू नव्हता. भाडे तो ठरवीत नाही. परंतु गाढवाचा नांगर फिरतो तेव्हा गाढवालाही ठाऊक नसते की आपण काय नांगरतो आहोत.

इकडे जहाजाच्या नांगराचे काय झाले? मेटॅगने २०१० साली भट्टी विकली. २०१७ साली ती जपानच्या 'सप्पोरो' कंपनीने घेतली. २०१९ मध्ये कामगारांनी गोदीकामगारांच्या संघटनेत सामील होऊन आपला संघ बांधला. २०२१ साली मालकांनी बाटलीवरचे जुने हाताने काढल्यासारखे चित्र काढून झगझगीत नवे लावले, तेव्हा रसिक खवळले. आणि जुलै २०२३ मध्ये भट्टी बंद होणार अशी घोषणा झाली. दुसऱ्याच दिवसापासून रांगा लागल्या. शेवटचा पेला पिण्यासाठी लोक दूरदूरच्या गावांहून आले. डोळे पुसत होते. आमचा विद्यार्थीही रांगेत होता. मी विचारले, "त्यापूर्वी तू अँकर शेवटची केव्हा घेतली होतीस?" तो ओशाळला. तीन वर्षे झाली असावीत, म्हणाला. दर आठवड्याला कुठली तरी नवी भट्टी निघे, तिची नवी चव पाहावयाची असे. अँकर काय, ती आहेच!

हे ऐकून मला हसू आले नाही, कारण मी लेखक आहे. जे दिवाळी अंक आपण जिवापाड आवडतात म्हणून सांगतो, त्यांतला एक विकत घेऊन दहा घरी फिरवतो, आणि एखादा बंद पडला की श्रद्धांजलीचे लेख मात्र सारेच लिहितात. मीही लिहिले आहेत. १९६५ साली मेटॅगने अश्रू ढाळले नाहीत, पैसे मोजले. आणि त्याच्याही आधी सत्तर वर्षे ती भट्टी ज्यांनी जगविली, त्या हमाल-खलाश्यांना तर ती बिअर थोर आहे हे कोणी सांगितलेच नव्हते. ते रोज येत, पाच सेंट टाकीत आणि निघून जात.

कामगार संघाने भट्टी सहकारी तत्त्वावर आपणच घ्यावी असा प्रयत्न केला. तो जमला नाही. २०२४ साली हमदी उलुकाया यांनी ती विकत घेतली. हे मूळचे तुर्कस्तानातले कुर्द. अमेरिकेत येऊन त्यांनी दह्याचा व्यवसाय केला आणि त्यात अब्जावधी मिळविले. दही लावणाऱ्याला विरजणाचे मोल कळत असावे, असे माझी पत्नी म्हणाली. या सबंध चर्चेत तिने काढलेला हा एकच उद्गार, आणि तोच मला सर्वांत शहाणपणाचा वाटला.

जाताना विद्यार्थ्याने पिशवीतून एक रिकामी बाटली काढून माझ्या टेबलावर ठेवली. स्वच्छ धुतलेली, जुन्या चित्राची. मध्ये नांगर, भोवती सातूच्या लोंब्या आणि हॉप्सची पाने. "शेवटच्या रांगेतली आहे, सर. कस्टमवाल्यांनी दोनदा वास घेऊन पाहिला," म्हणाला. तो फाटकापर्यंत पोचतो न पोचतो तोच आमची मुले बाण घेऊन अंगणातून धावत आली आणि ती बाटली मागू लागली. बाण उडवावयास तसली जड बाटली फार चांगली, हे खरेच आहे. मी तिला कपाटात इतिहासाच्या वह्यांमागे ठेवले आणि मुलांना शेजारच्या घरून सरबताची रिकामी बाटली मागून आणून दिली.